मुंबईत नवे आहात? बातमीला आधी तिचा पत्ता विचारा

पहाटे पावणेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो : "आज लोकल बंद, शाळांना सुट्टी, उद्या पूर्ण दिवस पाणी नाही. सर्वांना कळवा." जालन्याहून, सांगलीहून किंवा चिपळूणहून महिन्याभरापूर्वी आलेला माणूस हे वाचून घरी बसतो. एक दिवसाचा पगार जातो आणि वर बादल्या भरून ठेवतो ते वेगळंच. दहा वाजता कळतं की लोकल हार्बरला वाशीच्या पुढे खोळंबली होती, सुट्टी ठाण्यातल्या शाळांना होती आणि पाणी भलत्याच वॉर्डात बंद होतं. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, फक्त त्या तुमच्या नव्हत्या.

मुंबईत निव्वळ खोट्या बातमीपेक्षा हा प्रकार जास्त त्रास देतो. शहर लांबट आहे, रेल्वेचे मार्ग वेगळे, महापालिका वेगळ्या, वीज कंपन्याही वेगळ्या. म्हणून कुठलीही बातमी आली की तीन प्रश्न विचारायचे : कुठली, कधीची, कुणी सांगितली? याच क्रमाने विचारा, कारण निम्म्या बातम्या पहिल्याच प्रश्नाला गळतात.

आधी आपला पत्ता नीट लिहून काढा

एक कागद घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर पाच गोष्टी हव्यात.

पहिली, महापालिका कोणती. दहिसर आणि मुलुंडपर्यंत बृहन्मुंबई महानगरपालिका. त्यापलीकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या स्वतंत्र महापालिका आहेत. डोंबिवलीत राहणारा माणूस स्वतःला मुंबईकर म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. पण मुंबई महापालिकेने जाहीर केलेली शाळेची सुट्टी किंवा पाणीकपात त्याला लागू होत नाही.

दुसरी, वॉर्ड. मुंबई महापालिकेचे विभाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. दादर-माहीम जी उत्तर, वांद्रे पश्चिम एच पश्चिम, अंधेरी पश्चिम के पश्चिम, कुर्ला एल, मुलुंड टी. पाणी बंद असल्याची बातमी याच भाषेत येते. आपला वॉर्ड सोसायटीच्या पाणीपट्टीच्या किंवा मालमत्ता कराच्या बिलावर छापलेला असतो. सेक्रेटरींना विचारलंत तर ते सांगतील.

तिसरी, पाणी येण्याची वेळ. ही वॉचमनला किंवा पंप चालवणाऱ्याला विचारा, शेजाऱ्याला नको. शेजाऱ्याला नळाला पाणी कधी येतं ते माहीत असतं. तुम्हाला हवी आहे ती महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येण्याची वेळ. पाणी बंदच्या सूचनेत भागाच्या नावापुढे 'नियमित पुरवठ्याची वेळ पहाटे ४ ते ८' असं लिहिलेलं असतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेळा असू शकतात, म्हणून नुसतं भागाचं नाव जुळलं तरी बातमी तुमची ठरत नाही.

चौथी, रेल्वेचा मार्ग : पश्चिम, मध्य, हार्बर की ट्रान्स हार्बर. पाचवी, वीज कोणाची. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, बाकीच्या उपनगरांत मुख्यतः अदानी आणि काही ठिकाणी टाटा पॉवर. शंका असेल तर बिल बघा.

कागदाच्या खाली तीन नंबर लिहा : महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष १९१६, रेल्वे १३९, सायबर फसवणूक १९३०.

पावसाची बातमी

यावर जरा जास्त वेळ द्या. जून ते सप्टेंबर तुमचा दिवस हीच बातमी ठरवते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. 'मुंबईत किती पाऊस झाला' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. बातमीतला आकडा सांताक्रूझचा की कुलाब्याचा, हे पाहायची सवय लावून घ्या. दुसरं म्हणजे, हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. दुपारी टीव्हीवर जो आकडा फिरतो तो बहुधा मागच्या रात्रीचा असतो. बाहेर आत्ता काय चाललंय, ते त्यावरून कळत नाही.

रंगांचा अर्थ पाठ करून टाका. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे कृती करा. खात्याच्या भाषेत 'मुसळधार' ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, 'अति मुसळधार' ११५.६ पासून आणि 'अत्यंत मुसळधार' २०४.५ पासून सुरू होतो. अंदाजात 'तुरळक ठिकाणी' असं म्हटलं असेल, तर जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित आहे. शिवाय मुंबईचे जिल्हे दोन आहेत, शहर आणि उपनगर. रेड अलर्ट असूनही तुमच्या खिडकीबाहेर ऊन पडलेलं असू शकतं. तेवढ्यावरून 'हवामान खातं खोटं बोलतं' असं ठरवू नका. अलर्ट हलक्यात घेणं अफवेवर विश्वास ठेवण्याइतकंच महागात पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं इशाऱ्याचं चित्र तपासताना त्यावर तारीख, वेळ आणि 'पुढील ३ तास' अशी मुदत शोधा. हे तातडीचे इशारे तेवढ्याच वेळेपुरते असतात. सकाळी ७ चा इशारा दुपारी १ वाजता ग्रुपवर आला तर तो संपलेला आहे. चित्राची वरची पट्टी कापलेली असेल तर ते सोडून द्या आणि 'मौसम' किंवा 'सचेत' अ‍ॅपवर स्वतः बघा.

आता भरती. समुद्राची भरती ४.५ मीटरच्या वर असते त्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. अशा भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या वाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात, दरवाजे बंद करावे लागतात आणि पाणी पंपांनी उपसावं लागतं. भरती एकटी शहर बुडवत नाही. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच तासात आले की हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारख्या सखल जागी पाणी साचतं. तेव्हा 'आज ४.८ मीटरची भरती, घराबाहेर पडू नका' असा मेसेज आला की भरतीची वेळ बघा. मध्यरात्रीची असेल तर तुमच्या नऊच्या लोकलशी तिचा काही संबंध नाही.

धरण फुटलं, त्सुनामी येतेय, असं कुणी ओरडलं तर जागच्या जागी थांबा आणि १९१६ ला फोन लावा. २००५ च्या त्या पुरानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैला, जुहूच्या नेहरू नगरात अशाच अफवेने लोक धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत जीव गेले. पाणी आलंच नव्हतं.

लोकल 'बंद' म्हणजे नेमकं काय

'लोकल बंद' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : एखादा मार्ग पूर्ण बंद, फक्त जलद मार्ग बंद, दोन स्टेशनांमधला तुकडा बंद, किंवा गाड्या वीस मिनिटं उशिरा. पहिली क्वचित होते, चौथी जवळजवळ रोज. मेसेजमध्ये 'कुठून कुठपर्यंत' नसेल तर तो मेसेज तुमच्या कामाचा नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा. मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाचं अधिकृत एक्स (पूर्वीचं ट्विटर) खातं बघा. मग एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपमधला प्रवाशांचा गप्पांचा कट्टा उघडा. तिथली माणसं गाडीतूनच लिहितात, त्यामुळे माहिती ताजी असते, पण कुणी तपासलेली नसते. वेगवेगळ्या स्टेशनांवरच्या तिघांनी एकच गोष्ट लिहिली असेल तरच धरा. शेवटी स्टेशनवरची घोषणा आणि इंडिकेटर.

रविवारचा मेगाब्लॉक ही अफवा नव्हे, नियमित देखभाल आहे. बातमी शुक्रवार-शनिवारी येते. ती वाचताना तीन गोष्टी शोधा : मार्ग (माटुंगा ते मुलुंड, सीएसएमटी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते वांद्रे, असं काहीतरी), दिशा (अप म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे, डाऊन म्हणजे उलट) आणि वेळ. जलद मार्गावर ब्लॉक असेल तर जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, म्हणजे गाडी मिळते पण रेंगाळते. ब्लॉक नसला तरी रविवारी गाड्या कमीच असतात. मुलाखत किंवा परीक्षा रविवारी असेल तर तासभर आधी निघा.

तलाव भरला, पण कोणता?

जुलैत 'तलाव ओसंडला' अशी बातमी फोटोसकट येते आणि ग्रुपवर आनंदीआनंद होतो. मुंबईला सात तलाव पाणी देतात : तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा. सगळ्यांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज साधारण ३,८५० ते ३,९५० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं.

पवई तलाव या यादीत नाही. त्याचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. तो दरवर्षी आधी भरतो, शहरात आहे म्हणून फोटोही लगेच मिळतो, पण तुमच्या नळाशी त्याचा संबंध नाही. तुळशी भरला तर चांगलंच आहे, पण त्यात ८,०४६ दशलक्ष लिटर मावतं, म्हणजे जेमतेम दोन दिवसांचं पाणी. लक्ष ठेवायचं ते भातसावर. एकट्या भातसात ७,१७,०३७ दशलक्ष लिटर मावतं, म्हणजे एकूण साठ्याच्या जवळजवळ निम्मं. पाणीकपात होणार की नाही याचा अंदाज बांधायचा असेल तर सातही तलावांच्या एकूण साठ्याची टक्केवारी बघा आणि तिच्याशेजारी गेल्या वर्षीची त्याच तारखेची टक्केवारी ठेवा. नीट लिहिलेली बातमी दोन्ही आकडे देते.

व्हिडिओ कधीचा, हे शहरच सांगतं

दर पावसाळ्यात जुने व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून परत येतात. ते ओळखायला खास अ‍ॅप लागत नाही, चित्राच्या कडा बघाव्या लागतात. पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर जुनी लाल, बिगर-एसी डबलडेकर दिसली तर व्हिडिओ सप्टेंबर २०२३ च्या आधीचा, कारण बेस्टने तेव्हा त्या बस बंद केल्या. स्टेशनच्या पाटीवर एल्फिन्स्टन रोड दिसलं तर जुलै २०१८ च्या आधीचा. तेव्हापासून ते स्टेशन प्रभादेवी आहे. सायन स्टेशनजवळच्या जुन्या ब्रिटिशकालीन पुलावरून गाड्या धावत असतील तर ऑगस्ट २०२४ च्या आधीचा. त्या महिन्यात तो पूल पाडकामासाठी बंद झाला. दुकानांच्या पाट्या, चौकातल्या फलकावरचे नेत्यांचे वाढदिवस, सिनेमाची पोस्टरं या सगळ्यांवर तारीख असतेच.

कडांवरून कळलं नाही तर व्हिडिओ स्पष्ट जागी थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये उघडा आणि पाटी किंवा इमारतीपुरतीच चौकट करा. पूर्ण चित्र टाकलं तर नुसते 'पाऊस' असे निकाल येतात, तिथेच बहुतेकांचं चुकतं. निकालांतला सर्वात जुना शोधा.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून फिरून आला आहे. एवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण पाठवणाऱ्याने त्यातली गोष्ट स्वतः पाहिलेली नाही हे नक्की समजा.

छापील कात्रण आणि छापील जाहिरात

'पेपरात आलंय' म्हणून नोकरभरतीचं किंवा म्हाडाच्या घरांचं कात्रण येतं. कात्रणावर पेपरचं नाव, आवृत्ती आणि तारीख आहे का? असेल तर त्या दिवसाचा ई-पेपर उघडून ते पान शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक वर्तमानपत्रात, बहुधा शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईचा पत्ता असतो. बातमीची कायदेशीर जबाबदारी कुणाची, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. फॉरवर्ड केलेल्या कात्रणामागे अशी ओळ नसते, म्हणून ते बनवणाऱ्याला कसलीच भीती नसते.

खऱ्या पेपरातही प्रत्येक मजकूर बातमी नसतो. पानाच्या कोपऱ्यात 'जाहिरात', 'प्रायोजित', 'मीडिया मार्केटिंग उपक्रम' असं बारीक छापलेलं असतं, आणि गृहप्रकल्पांची कौतुकं बहुधा अशाच पानांवर असतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची मोठी चर्चा झाली आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने त्या विषयावर अहवालही दिला. निवडणुकीच्या आधी एकाच उमेदवाराची स्तुती दोन पेपरांत शब्दशः सारखी दिसली तर ती कुणाच्या खर्चाने आली, असा प्रश्न पडायलाच हवा.

घर भाड्याने घेताना 'मेट्रो सुरू होतेय' या बातमीवर जास्त भाडं कबूल करू नका. मेट्रोच्या बातमीत चार वेगवेगळे टप्पे 'सुरू' म्हणून छापले जातात : चाचणी, मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र, लोकार्पण आणि प्रवाशांसाठी खुली होणं. शेवटचा टप्पाच तुमच्या उपयोगाचा. शिवाय मार्ग तुकड्यातुकड्याने उघडतो. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) एवढीच सुरू झाली आणि कफ परेडपर्यंत पोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेव्हा 'मेट्रो ३ सुरू' ही बातमी खरी असूनही वरळीत भाड्याने राहणाऱ्याला काही महिने तिचा उपयोग नव्हता.

भाड्याच्या घराबद्दलची एक ऐकीव गोष्ट एजंटही छातीठोकपणे सांगतात : अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर डिपॉझिट देऊ नका.

पैसे मागणारी 'बातमी'

'मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला वीज कापली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्यांना फोन करा.' हा मेसेज नव्या भाडेकरूला हमखास फसवतो, कारण बिल मालकाच्या नावावर असतं आणि ते भरलंय की नाही याची याला खात्री नसते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असा मेसेज उघडा, वाचा, पण त्यावर फोन करू नका. बिलावर छापलेल्या नंबरवर चौकशी करा. गॅस बिलाच्या नावानेही हेच चालतं आणि सोबत एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) येते. ती उघडलीत की फोन त्यांच्या ताब्यात जातो.

'तुम्हाला अटक झाली आहे, कॉल बंद करू नका' असं व्हिडिओ कॉलवर धमकावतात, पण अशी 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला तरी फोन ठेवा.

पैसे गेलेच तर लाजेपायी रात्र घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, मग बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.

ग्रुपवर काय लिहायचं

बघून सोडून द्यायचं, हे नेहमी पुरत नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज तर अजिबात सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. ते त्या गावात नवे होते, एवढंच. असा मेसेज आला तर ११२ वर कळवा आणि ग्रुपवर तसं लिहा : "पोलिसांना कळवलं आहे, कुणी स्वतः कुणाला अडवू नका."

इतर वेळी ज्येष्ठांचा मान राखून, पण पुराव्यासकट लिहा. "काका, हा व्हिडिओ जुना दिसतोय. त्यात जुनी बिगर-एसी डबलडेकर आहे, त्या २०२३ मध्ये बंद झाल्या." एवढं पुरतं. 'फेक आहे' एवढंच लिहिलं तर भांडण लागतं आणि मेसेज तसाच पुढे जातो. मराठीत पडताळणी वाचायची असेल तर फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज यांची मराठी पानं आहेत. केंद्र सरकारच्या योजनांच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजसाठी पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक उपयोगी, पण ते सरकारचंच खातं आहे. सरकारवरच्या टीकेचा निवाडा तिथे शोधू नका.

आणि गावाकडे

मुंबईत पाणी साचलं की टीव्हीवर तोच एक चौक दिवसभर दाखवतात आणि गावी आईचा जीव टांगणीला लागतो. तिला तुमच्या दारामागच्या कागदाचा फोटो पाठवून ठेवा आणि सांगा : "आई, पट्टीवर हार्बर किंवा कुर्ला असं लिहून आलं तरच माझ्याकडचं समज. अंधेरी सबवे, हिंदमाता दिसलं तर ते माझ्यापासून लांब आहे." पावसाच्या दिवशी सकाळी निघताना एक आणि ऑफिसला पोचल्यावर एक असे दोन मेसेज ठरवून टाका. नेट अडकलं की व्हॉट्सअ‍ॅप जात नाही, तेव्हा साधा एसएमएस करा. 'कुर्ल्याला पोचलो, ९.४०' एवढाच.